वैशाखात कमरेला रिव्हॉल्व्हर

परवान्याचं रिव्हॉल्व्हर सगळ्यांना दिसेल असं कमरेला लावून फिरणं सिनेमात चालतं, कायद्यात नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि ज्याचं आहे त्याचा त्यावर ताबा हवा. थंडीत हे जमून जातं. मे महिन्यात मुरबाड-शहापूर पट्ट्यात पारा चाळिशीपार गेला की मात्र अडचण होते. झाकण्यासाठी कपडा वाढवावा तर जीव कासावीस होतो, कमी करावा तर हत्यार दिसतं. मग माणूस तिसरी वाट धरतो. हत्यार अंगावरून काढतो आणि कुठंतरी ठेवून देतो.

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या महामार्गावर, घाट लागण्याआधी, वैशाखरे येतं. नाणेघाट चढणारे इथंच उतरतात. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल ज्या वाटेनं जुन्नरकडे जायचा ती वाट इथून वर जाते. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला करवंदं-जांभळं घेऊन बायका बसतात आणि दुपारी सावली शोधत माणसं चहाच्या टपरीवर टेकतात. अशाच एका टपरीवर दोघं बसले आहेत असं समजू. एक शेठ, पन्नाशीच्या आतले. जमिनीचे व्यवहार, कडक इस्त्रीचा पांढरा लिननचा शर्ट, परवान्यावर .32 चं रिव्हॉल्व्हर. दुसरे निवृत्त हवालदार. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी साध्या वेशात अंगरक्षक म्हणून काढली, आता गाव त्यांना नाना म्हणतं. दोघांची नावं सांगण्यात अर्थ नाही. अशी माणसं कल्याणपासून टोकावड्यापर्यंत कुठल्याही गावात भेटतात आणि हा संवाद त्यांच्याच नेहमीच्या बोलण्यातून बांधला आहे.

“नाना, तुम्ही जन्मभर हत्यार वागवलंत,” शेठ म्हणाले. “या उकाड्यात ते कसं लावायचं तेवढं सांगा. कमरेला घामोळं उठलंय. बसलं की मूठ बरगडीत रुतते, उठलं की पँट खाली ओढली जाते.”

“आत्ता कुठंय ते?”

शेठनी उन्हात उभ्या गाडीकडे हात केला. “डॅशबोर्डच्या खणात. गाडी लॉक केलीय.”

“काच फोडायला किती वेळ लागतो, शेठ?”

शेठ काही बोलले नाहीत. नानांनीच पुढं सांगितलं. गाडीतलं हत्यार चोरीला गेलं तर पहिला प्रश्न चोराला विचारला जात नाही, परवानाधारकाला विचारला जातो. हत्यार हरवलं तर ताबडतोब पोलिसांना कळवायचं, ही परवान्याची अटच आहे. आणि कळवताना काय सांगणार? अंगावर गरम होत होतं म्हणून खणात ठेवलं होतं?

“आणि काडतुसं? तापून फुटायची नाहीत ना?”

“त्यानं फुटत नाहीत. पण रोज अशी भाजली तर दारू आणि टोपी दोन्ही खराब होतात. मग ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी नुसता ‘टक’ आवाज यायचा.”

उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं, साठ अंशांच्याही पुढं जाऊ शकतं. काडतूस आपोआप उडायला याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते, म्हणून स्फोटाची भीती खरी नाही. खरी भीती अशी की खणात ठेवलेल्या हत्यारावर कुणाचाच ताबा नसतो. नियमातली तिसरी अट तिथं मोडते.

शेठना मात्र उत्तर हवं होतं. त्यांची अडचण खरी होती. नानांनीही ती झटकून टाकली नाही.

“आधी हा शर्ट बदला,” ते म्हणाले. “पांढरं पातळ कापड घामानं अंगाला चिकटलं की काळी मूठ लांबून ओळखू येते. आमच्या ड्यूटीला सफारी का असायचा? शर्ट बाहेर सोडलेला, कापड जरा जाड, काठ पट्ट्याच्या खाली चार बोटं. हात वर केला तरी हत्यार दिसायचं नाही. तुम्ही सुती घ्या, एक माप मोठं, गडद चौकड्यांचं. आत बनियन घाला. उकाडा वाढला म्हणून बनियन काढायचं नाही, उलट तेच घाम पितं. हत्याराचं लोखंड उघड्या कातडीला लागता कामा नये.”

“आणि पट्टा?”

“फॅन्सी नको. दीड इंच रुंद, कडक. मऊ पट्टा वजनानं वाकतो आणि तुम्ही दिवसभर पँट वर ओढत बसता. माणूस सारखा कमरेशी चाळा करतोय हे ज्याला बघायचं असतं तो बरोबर बघतो. उजव्या खुब्याच्या जरा मागं लावा. पाठीच्या कण्यावर नको, घसरून पडलात तर मणक्याला लागेल. बगलेतला पट्टा विसरा, त्यावर जाकीट लागतं. खिशात ठेवायचं झालं तर खिशाचं वेगळं होल्स्टर घ्या. त्या खिशात किल्ल्या नकोत, सुटे पैसे नकोत, काही नको.”

होल्स्टरबद्दल नानांचं मत आणखी ठाम होतं. चामड्याचं होल्स्टर देखणं दिसतं, पण उन्हाळ्यात ते घाम शोषून मऊ पडतं. मऊ पडलेल्या तोंडाची घडी हत्यार आत सरकवताना चापात अडकू शकते. त्यामुळं चाप पूर्ण झाकणारं आणि आकार न सोडणारं कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर उन्हाळ्यात जास्त भरवशाचं. त्याच्या आतल्या बाजूनं, अंगाकडे, उंच कड असली तर घाम थेट लोखंडावर उतरत नाही.

घामाचं हे प्रकरण वाटतं तितकं किरकोळ नाही. घामात मीठ असतं. रिव्हॉल्व्हरवर जी निळसर काळी झळाळी दिसते ती लोखंडावर मुद्दाम आणलेल्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. मिठाचं पाणी तो फार काळ सोसत नाही. मुठीच्या स्क्रूभोवती, घोड्याच्या खाचेत, नळीखालच्या दांड्याला आधी तांबूस ठिपके पडतात. पोलादाच्या आत गंज शिरला की काडतुसांची फिरती चकती अडखळते. स्टेनलेस पोलाद जास्त टिकतं, तेही कायमचं नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 2014 मध्ये प्रामुख्यानं महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ नावाचं .32 चं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्यात टायटॅनियमचा मिश्रधातू वापरला, वजन 500 ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. टायटॅनियमला घामाचं भय नाही आणि अर्ध्या किलोचं ओझं कमरेला फारसं जाणवतही नाही. पण हलकं हत्यार गोळी सुटताना हाताला जास्त झटका देतं. हा हिशेब दुकानात उभं राहून ध्यानात येत नाही.

“रोज रात्री पुसायचं,” नाना म्हणाले. “आधी रिकामं करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मग कोरड्या कापडानं आणि मग तेलाचं बोट लावलेल्या कापडानं. तेल ओतायचं नाही. जास्तीचं तेल काडतुसाच्या टोपीत शिरलं तर काडतूस मरतं. आणि रात्री चामड्यात ठेवायचं नाही. ओल त्यातच राहते.”

शेठ समाधानानं हसले. “म्हणजे जमतं. मग तुम्ही मघाशी नाराज का झालात?”

“तुम्ही दिवसात किती वेळा काढता ते?”

खरा वाद इथून सुरू झाला. शेठनी मोकळेपणानं मोजून दाखवलं. सकाळी गाडीत बसताना काढून खणात. तहसील कचेरीत आत नेता येत नाही म्हणून पुन्हा खणात. दुपारी जेवायला बसताना पट्टा सैल करून शेजारच्या खुर्चीवर, वर रुमाल. नदीवर हातपाय धुताना पुतण्याच्या हातात. रात्री हळदीला गेलं की यजमानाच्या कपाटात.

“शेठ, हत्यार कमरेला असतं तेव्हा शांत असतं. काढताना आणि ठेवताना ते जागं असतं. हिवाळ्यात तुम्ही दोनदा हात लावत असाल तर उन्हाळ्यात आठदा लावता. आठदा चापाजवळ बोट जातं.”

नानांचं हे म्हणणं नुसत्या अनुभवावर उभं नाही. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवत असताना गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. कुणी हल्ला केला नव्हता, भांडण नव्हतं. हत्यार फक्त जागेवर ठेवलं जात होतं. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्यावर मार बसला तर तो थेट काडतुसावर जातो. म्हणूनच जुनी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. सहा घरांच्या हत्यारात पाचच काडतुसं.

दहिसरची घटना याहून जास्त विचार करायला लावणारी आहे. 8 फेब्रुवारी 2024 ला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह सुरू असताना मॉरिस नोरोन्हा यानं गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही संपवलं. हत्यार नोरोन्हाचं नव्हतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं आणि कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं होतं. अंगरक्षकाला अटक झाली. परवाना एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा झाला की काय होतं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुतण्याच्या हातात दिलेलं हत्यार आणि यजमानाच्या कपाटात ठेवलेलं हत्यार ही याच वाटेवरची पावलं आहेत. हे इतकं स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे ती साधी सोय समजली जाते.

शेठ गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते.

“तुम्ही उदाहरणं बरोबर देता, नाना. पण माझी बाजू ऐका. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, जमिनीला भाव आला, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही तोही दारात येऊन बसू लागला. मला फोनवर धमक्या आल्यात. मी तक्रार केली, पोलिसांनी चौकशी केली, अहवाल गेला, कलेक्टर ऑफिसनं परवाना दिला. उगाच मिळाला का? रात्री घाटाच्या रस्त्याला मोबाइलची रेंज जाते. तिथं कुणी गाडी आडवी घातली तर टोकावड्याचं पोलीस ठाणं मला काय कामाचं? हत्यार घरी कपाटात ठेवायचं तर ते घेतलं कशाला?”

हा मुद्दा हलका नाही. ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात जमिनीच्या वादांतून खरोखर मारामाऱ्या होतात, खून होतात. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानंच दिला आहे. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. ब्रिटिशांच्या 1878 च्या शस्त्र कायद्यानं केलेली नाकेबंदी तेव्हा लोकांच्या मनात ताजी होती. स्वतंत्र भारताच्या संविधानात मात्र तो हक्क आला नाही. 1959 चा कायदा परवाना देतो, हक्क देत नाही.

“याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील लढताना पडले,” शेठ पुढं म्हणाले. “2 जानेवारी 1943. हत्यार नसतं तर आझाद दस्ता उभा राहिला असता का?”

“त्यांचं नाव या वादात आणू नका, शेठ,” नानांचा आवाज प्रथमच चढला. “ती माणसं ब्रिटिश सरकारशी लढत होती, विजेचे मनोरे पाडत होती, आणि मरायच्या तयारीनं जंगलात राहत होती. तुम्ही सातबारा सांभाळताय. तुमचा धोका खरा आहे, पण तो वेगळा आहे.”

मग नानांनी उल्हासनगरचं नाव काढलं. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, स्थानिक नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला आणि तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना त्या आरोपावरून अटक झाली. वादाचं मूळ जमीन. जागा पोलीस ठाणं, आजूबाजूला पोलीस, वर कॅमेरा. “तिथं संरक्षणाची काय कमी होती?” नानांनी विचारलं. “हत्यार जवळ होतं, राग आला, बस्स. आणि राग उन्हाळ्यात जास्त येतो, हे मी बंदोबस्तात उभा राहून पाहिलंय.”

नानांच्या या निरीक्षणाला आधार आहे. वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत उष्ण दिवसांत हिंसक गुन्हे वाढलेले दिसले आहेत. इथं वैशाख हा लग्नसराईचाही महिना. हळदीला डीजे, गच्चीवर गर्दी, घामानं भिजलेले शर्ट आणि कुणाच्या तरी कमरेला हत्यार. कुणीतरी ते बाहेर काढतं, दुसरा मोबाइल धरतो. 2016 च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजायलाच मनाई केली आहे. 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणानं केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

शेठनी अमेरिकेचा दाखला दिला. तिथं टेक्ससमध्ये सप्टेंबर 2021 पासून बहुतेक प्रौढांना विनापरवाना पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगता येतं, आणि उन्हाळ्यात ते कपड्याखाली कसं लपवायचं यावर तिथं मोठा बाजार उभा आहे: खास पट्टे, खास बनियन, खास चड्ड्या. “ते लोक रोज वापरतात, मग आपल्यालाच एवढी भीती कशाची?”

“ते सराव करतात,” नाना म्हणाले. “तुम्ही शेवटची गोळी कधी झाडलीत?”

शेठनी आठवून पाहिलं. परवाना मिळाला तेव्हा, प्रशिक्षणाच्या वेळी.

आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारकांची गोष्ट इथं येऊन अडते. आपल्याकडे सामान्य माणसाला नेमबाजीच्या मैदानावर जाणं सोपं नाही. काडतुसं महाग आहेत आणि मोजून मिळतात. त्यामुळं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं अंगावर राहतं आणि हाताला त्याची सवय होत नाही. घामट बोटांत गुळगुळीत मूठ निसटते, हे सरावात कळलं तर रबरी मूठ बसवता येते. प्रसंगात कळलं तर काहीच करता येत नाही. सराव नसलेल्या माणसाला समोरच्यानं गाडी आडवी घातली की हत्यार शर्टाखालून काढून, ओळखून, विचार करून चालवायला वेळच मिळत नाही. शेठच्या भीतीला नुसतं हत्यार हे पुरेसं उत्तर नाही, असं इथं नमूद करावंसं वाटतं. गाडीत दुसरा माणूस, ठरलेल्या वेळा, रात्रीचा प्रवास टाळणं, रोख रक्कम न बाळगता व्यवहार बँकेतून करणं, धमकीची प्रत्येक तक्रार लेखी नोंदवणं, याचा उपयोग त्यांना जास्त होईल. बिबट्याच्या भीतीनं परवाना मागणारेही या भागात असतात. त्यांनाही हेच लागू आहे. बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि अंधारात .32 च्या गोळीनं जखमी झालेला बिबट्या गावासाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचा ठरतो.

परवाना देणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा प्रश्न वर आला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने निघाले आणि मग शंभराहून जास्त रद्द झाले. ही छाननी खून होण्याआधी करता आली नसती का, हा प्रश्न ठाणे, पुणे, अहिल्यानगर अशा प्रत्येक जिल्ह्यानं स्वतःला विचारायला हवा.

उन्हं कलली तेव्हा शेठ म्हणाले, “म्हणजे तुमचं म्हणणं, परवाना परत करू?”

“मी तसं म्हटलं नाही. धोका खरा असेल तर ठेवा. पण ज्या दिवशी लावाल त्या दिवशी सकाळी लावा आणि रात्री घरीच काढा. मध्ये काढावं लागेल असं काम असेल, कचेरी असेल, हळद असेल, नदीवर जायचं असेल, तर त्या दिवशी घरातल्या लोखंडी कपाटात कुलपात राहू द्या. किल्ली तुमच्याकडे, काडतुसं वेगळी. अर्धा दिवस कमरेला आणि अर्धा दिवस खणात, हे बंद करा.”

“आणि घामोळं?”

“त्याला पावडर लावा,” नाना म्हणाले. “गाडीचा खण हा त्यावरचा इलाज नाही.”

शेठना सगळं पटलं नाही. रात्रीच्या घाटाबद्दलचा त्यांचा प्रश्न त्यांच्या लेखी तसाच राहिला. पण उठताना त्यांनी एक विचारलं, लग्नसराई संपेपर्यंत हत्यार कुठं ठेवता येईल. नानांनी सांगितलं की परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ते रीतसर नोंद करून सुरक्षित ताब्यात ठेवता येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीच्या निर्णयानुसार तर अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावंच लागतं, आणि तेव्हा कुणाचं काही अडत नाही.

ज्या वाचकांच्या घरात परवान्याचं हत्यार आहे त्यांनी आज एवढं तपासावं: ते या क्षणी नेमकं कुठं आहे, कुलपात आहे का आणि किल्ली कुणाकडे आहे. उत्तर “गाडीत” किंवा “कुणाकडे तरी” असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते घरी आणावं.